हप्ता पडला का?

महिन्याच्या चार तारखेला ती विहिरीवर जाते. तीनला नाही, पाचला नाही, चारलाच. कान्हूर पठारच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून चाकोरीने आत गेलं की घडीव दगडात बांधलेली एक जुनी विहीर लागते. कठड्याच्या एका दगडावर लाल ऑइलपेंटने फुली मारलेली आहे. त्या फुलीवर टेप धरायचा, टोकाला बांधलेलं लोखंडी वजन खाली सोडायचं, ते पाण्याला टेकल्याचा बारीकसा ‘टप्’ आवाज आला की टेप वीतभर वर ओढायचा, परत सोडायचा आणि दोन्ही वेळचा आकडा जुळला की वहीत उतरवायचा. मग विहिरीच्या मालकाला विचारायचं : मोटर किती तास चालली, पाणी कुणाकुणाला दिलं, शेतात काय उभं आहे. ते लिहून झालं की स्कूटीला किक आणि पुढची विहीर.

ती माझी जुनी विद्यार्थिनी. पारनेर तालुक्यातल्याच एका वाडीवरची. भूगोलात पीएच.डी. करते आहे. विषय तिला घरातच मिळाला. एका विहिरीवर चार भावांच्या पाळ्या कशा ठरतात आणि पाणी खोल गेलं की त्या पाळ्यांचं काय होतं, हे ती लहानपणापासून ओसरीवर बसून ऐकत आलेली. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. हिला मधले महिनेही हवे आहेत. “सर, भांडणं मार्चची वाट बघत नाहीत,” असं ती म्हणते.

त्या दिवशी मी तिच्यासोबत होतो. चौथ्या विहिरीवर तिचा फोन वाजला. पलीकडे विदर्भातली एक मैत्रीण, तिच्याच बॅचची.

“हप्ता पडला का गं?”

“नाही ना. तुझा?”

“माझाही नाही.”

बस, एवढंच बोलणं. सात महिन्यांची फेलोशिप थकली होती. देणारी संस्था कोणती, ते इथे सांगत नाही. कारण हा प्रश्न एका संस्थेपुरता नाही, आणि माझ्या विद्यार्थिनीला अजून तीन वर्षं त्याच दारात उभं राहायचं आहे.

फेलोशिप हातात येण्याआधी तिने स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लिहून दिलं आहे : मी पूर्णवेळ संशोधन करते, दुसरीकडे कुठेही पगारी काम करत नाही. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून चार पैसे मिळवण्याची वाटही बंद. अट चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पूर्णवेळ पैसे घ्यायचे तर काम पूर्णवेळच करायला हवं. पण मग देणाऱ्यानेही महिन्याचे पैसे महिन्याला द्यायला हवेत. सात महिने पेट्रोल कोण घालणार? तिच्या बाबतीत ते तिच्या वडिलांनी, नानांनी घातलं, मूग विकून आलेल्या पैशातून. घरात याला फेलोशिप म्हणत नाहीत, पगार म्हणतात. “ताईचा पगार अजून झाला न्हाई,” नाना शेजाऱ्याला सांगत होते. त्यात तक्रार नव्हती, काळजी होती.

पारनेरच्या पोराला मोठी शिष्यवृत्ती मिळाली आणि मग बंद पडली, ही गोष्ट आमच्याकडे जुनी आहे. १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरात पांडुरंग महादेव बापट जन्मले. पुण्यात नि मुंबईत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत. त्यांवरून रोज हजारो गाड्या जातात, पण सेनापती बापट पारनेरचे हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे. घरची परिस्थिती बेताची. १८९९ मध्ये मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. त्या काळी मॅट्रिकच्या मुलाला याहून मोठा मान नव्हता. पुढे चिंतामणराव देशमुखांनाही हीच मिळाली. तिच्या आधारावर बापट डेक्कन कॉलेजात गेले, १९०३ मध्ये बी.ए. झाले. आणि १९०४ मध्ये मुंबई विद्यापीठाची मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन यंत्रशास्त्र शिकायला स्कॉटलंडला, एडिंबरोच्या हेरियट-वॅट कॉलेजात दाखल झाले.

मुंबईचे शेठ सर मंगळदास नथुभाई यांनी विद्यापीठाला देणगी दिली होती ती इथल्या मुलांनी परदेशी जाऊन शिकावं म्हणून. कुठे मुंबईचा गिरणीवाला शेठ आणि कुठे नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी तालुक्यातला मुलगा! दोघांची गाठ पडली ती एका विद्यापीठाच्या ठरावावर. शिष्यवृत्तीची हीच गंमत मला फार मोलाची वाटते. देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. घेणाऱ्याला देणाऱ्याच्या ओसरीवर हात जोडून बसावं लागत नाही.

पण एडिंबरोत बापटांनी ब्रिटिश राज्यात हिंदुस्थानची काय दशा झाली आहे, यावर भाषण केलं. शिष्यवृत्ती गेली. यंत्रशास्त्राच्या अभ्यासाचा आणि त्या भाषणाचा काही संबंध नव्हता. कामात कुचराई झाली असंही नव्हतं. माणूस काय बोलला, यावर पैसे थांबले.

तिथून ते लंडनच्या इंडिया हाऊसमध्ये आले. तिथे श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ पासून शिष्यवृत्त्या देऊ केल्या होत्या. त्यांची अट नेमकी उलटी : शिष्यवृत्ती घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. टिळकांच्या शिफारशीने विनायक सावरकर लंडनला गेले, ते यातल्याच ‘शिवाजी’ शिष्यवृत्तीवर. एकाच देशात एक पैसा राजनिष्ठा मागत होता आणि दुसरा राजनिष्ठा सोडायला सांगत होता. विनाअट पैसा तेव्हाही कुणी देत नव्हतं.

बापटांचं पुढचं आयुष्य महाराष्ट्राला ठाऊक आहे. पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या, १९०८ मध्ये परत, मग अज्ञातवास, अटक. सुटून पारनेरात आले आणि हातात झाडू घेऊन गावातले रस्ते झाडू लागले. एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकलेला माणूस सकाळी सकाळी गाव झाडतो, हे त्या वेळच्या पारनेरने डोळ्यांनी पाहिलं. पुढे मुळशीचा सत्याग्रह झाला आणि ‘सेनापती’ हे नाव कायमचं चिकटलं. त्याआधी काही काळ त्यांनी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशात काम केलं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला ते मुद्दाम सांगावंसं वाटतं. केतकर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन आलेले. मराठीत ज्ञानकोश करायचा तर सरकार पैसे देणार नाही, विद्यापीठ देणार नाही. म्हणून त्यांनी रीतसर मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव वर्गणीदार जमवले आणि त्या बळावर २३ खंड काढले. मराठीतलं एवढं मोठं संशोधनकार्य लोकांच्या खिशातून उभं राहिलं. शिष्यवृत्ती गमावलेला पारनेरचा माणूस त्याच मांडवाखाली येऊन बसला होता.

मध्येच पैसे थांबले की काय होतं, याचा दुसरा मोठा दाखला बाबासाहेबांचा. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, त्यावर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी करायची, हा करार. पुढे लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास ऐन रंगात असताना १९१७ मध्ये मुदत संपली आणि प्रबंध अर्धा टाकून परतावं लागलं. तो पुरा करायला ते परत लंडनला पोचले १९२० मध्ये; स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि एका पारशी मित्राचं कर्ज गोळा करून. डी.एस्सी. मिळाली १९२३ मध्ये. ती मधली वर्षं नोकरीत, अपमानात आणि पैसे साठवण्यात गेली. बाबासाहेब होते म्हणून परत गेले. दुसरं कुणी असतं तर तो प्रबंध अर्धाच राहिला असता, आणि असे अर्धे राहिलेले प्रबंध कुठल्याच ग्रंथालयात सापडत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की संशोधनाला दिलेला पैसा हा मुळात वेळेसाठी दिलेला असतो. चार तारखेला विहिरीवर हजर असण्याचा वेळ. तो पैसा उशिरा दिला, तर रक्कम तीच राहते, पण ज्यासाठी दिला ती गोष्ट निघून गेलेली असते. मार्चमधली पाणीपातळी सप्टेंबरमध्ये मोजता येत नाही.

आज पारनेरच्या मुलामुलीला अशा वेळेचे पैसे कुठून मिळू शकतात? वाटा दिसतात त्याहून जास्त आहेत. सगळ्यात माहितीची म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, सगळे जिला ‘जेआरएफ’ म्हणतात ती. वर्षातून दोनदा परीक्षा. खुल्या गटाला ३० वर्षांची वयोमर्यादा. महिला आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, घरभाडं वेगळं आणि पुस्तकं-प्रवासासाठी वर्षाचा किरकोळ खर्च वेगळा. वरवर पाहता ही चांगली रक्कम आहे. पण देशभरातून परीक्षेला बसणाऱ्यांत ती मिळते मोजक्यांनाच.

राज्याच्या पातळीवर अनुसूचित जातींसाठी पुण्याची ‘बार्टी’, मराठा-कुणबी समाजासाठी ‘सारथी’, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी नागपूरची ‘महाज्योती’. या संस्थांनी गेल्या काही वर्षांत केलेलं काम मी कमी लेखणार नाही. ज्यांच्या घरात पीएच.डी. हा शब्द आधी कुणी उच्चारला नव्हता, अशी मुलं त्यांच्यामुळे विद्यापीठाच्या ग्रंथालयात दिवसभर बसू शकली. पण त्याच मुलांना उन्हात ठिय्या धरून बसावं लागलं, हेही खरं. २०२३ मध्ये ‘बार्टी’च्या ८६१ संशोधकांनी सरसकट फेलोशिपसाठी मुंबईच्या आझाद मैदानात दिवसच्या दिवस काढले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या संस्थांच्या फेलोशिपसाठी घेतलेल्या चाळणी परीक्षेत ‘सेट’ या राज्य पात्रता परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका जशीच्या तशी निघाली आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. आणि त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात, पीएच.डी. करून ही मुलं काय दिवा लावणार, असा प्रश्न विधान परिषदेत खुद्द उपमुख्यमंत्र्यांनी केला. मुलांना तो फार लागला. माझ्या विद्यार्थिनीने तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि फोन उलटा ठेवून दिला. पोटतिडकीने एखाद्या विषयाच्या मागे लागलेल्या माणसाला असं विचारू नये, एवढंच मी म्हणतो. मग तो मंत्री असो की शेजारी.

एकूणच संशोधनावर आपण खर्च करतो किती? सरकारी आणि खासगी मिळून देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के. २०२३ मध्ये संसदेने ‘अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान’चा कायदा केला, पाच वर्षांत ५० हजार कोटी उभे करायचं ठरवलं. त्यातले ३६ हजार कोटी सरकारच्या बाहेरून, मुख्यतः उद्योगांकडून यायचे आहेत. उद्योग पैसा कशात घालेल? बॅटरीत घालेल, औषधात घालेल, चिपमध्ये घालेल, घालावाही. कान्हूर पठारावरच्या चार भावांच्या पाळीत तो का घालील? तिथे सरकारलाच यावं लागेल, नाहीतर केतकरांसारखं लोकांकडे जावं लागेल.

तालुक्याच्या गावात खरी अडचण वेगळीच आहे. योजना आहेत, मुलं हुशार आहेत. पण दोघांची गाठ घालून देणारं माणूस मधे नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात चहाच्या टपरीवर जी माहिती मिळते, ती पारनेरच्या एस.टी. स्टँडवर मिळत नाही. ‘फॉर्म सुटलेत’ हे कळेपर्यंत तारीख पंधरा दिवसांवर आलेली असते. मग धावाधाव. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत मार्चअखेर संपलेली. नवा काढायचा तर तहसील. जात पडताळणी नगरला. गाईडची सही पुण्यात. संशोधन केंद्राच्या प्रमुखांचा शिक्का, आणि प्रमुख रजेवर.

अशीच एक रात्र मला आठवते. शेवटच्या तारखेची. झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, आत एकच कॉम्प्युटर, दुकानदार मुलगा घरी न जाता थांबलेला. पोर्टलवर दाखल्याची फाइल ठरावीक आकारापेक्षा मोठी म्हणून घेत नव्हतं. त्याने ती चार वेळा लहान केली. लहान केली की शिक्क्यावरची तारीख वाचता येईना. शेवटी त्याने दाखला स्कॅनरऐवजी फोनने, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली धरून काढला, कडा कातरल्या, आणि तो पोर्टलने एकदाचा घेतला. घड्याळात पावणेबारा. त्या मुलाने माझ्या विद्यार्थिनीकडून घेतले वीस रुपये. पारनेर तालुक्यातल्या किती तरुणांच्या शिष्यवृत्त्या अशा दुकानदारांच्या हातून मार्गी लागल्या असतील. त्यांना कुठल्याच अहवालात जागा नाही.

दुसरी बाजू गुरुजींची. ग्रामीण महाविद्यालयातला प्राध्यापक स्वतः संशोधन करत असेल तर मुलांना वाट दिसते. पूर्वी यूजीसीचे लघु संशोधन प्रकल्प असत. रक्कम एखाद-दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत, पण त्यात एक कॅमेरा यायचा, चार पुस्तकं यायची, दोन मुलं क्षेत्रभेटीला नेता यायची. बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ ला संपली आणि ती खिडकीही मिटली. मोठे प्रकल्प मोठ्या संस्थांकडे गेले. आमच्याकडच्यांनी कितीतरी वेळा म्हटलं असेल, मोठं नको, ते लहानच परत द्या. पुणे विद्यापीठाने संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांना आपल्या निधीतून संशोधनासाठी पैसे दिले, त्यातून बऱ्याच जणांनी पहिल्यांदा प्रपोजल लिहिलं, हे नमूद करायला हवं. आणि विज्ञानाच्या शिक्षकांसाठी ‘टेअर’ नावाची एक योजना आहे. तिच्यात आपली नोकरी न सोडता, वर्षातले किमान ९० दिवस एखाद्या मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करता येतं. तीन वर्षं मिळणारं संशोधनाचं अनुदान निम्मं त्या संस्थेला आणि निम्मं आपल्या महाविद्यालयाला मिळतं. मला ही रचना फार आवडते. माणूस गावातून उचलून नेत नाहीत. तो शिकून परत गावातच येतो आणि येताना काहीतरी घेऊन येतो. आमच्या भागातल्या शिक्षकांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय, म्हणून मी एकदा चहाच्या वेळी सहज विचारलं. नऊ जणांत दोघांनी.

समाजशास्त्रांसाठी आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तिची घडी बसवली ती जे. पी. नाईकांनी, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीच्या माणसाने. तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारात नाईकांच्याच नावाच्या इमारतीत आहे. खेड्यातून आलेल्या माणसाने देशाच्या समाजशास्त्रांसाठी दार बांधलं, आणि आमची खेड्यातली मुलं त्या दाराशी जायला बिचकतात. का? मुख्यतः इंग्रजीमुळे. प्रपोजल इंग्रजीत लिहायचं, आणि तेही एका ठरावीक वळणाचं.

मी बऱ्याच मुलांची प्रपोजलं वाचतो. नव्वद टक्के सुरू होतात ती पाणी हे जीवन आहे किंवा भारत हा कृषिप्रधान देश आहे अशा वाक्याने. तपासणाऱ्याने अशी शंभर वाचलेली असतात. माझ्या विद्यार्थिनीचंही पहिलं असंच होतं. मी तिला म्हटलं, ताई, तू मला तोंडी सांगितलंस तेच लिही. चार भाऊ, एक विहीर, आठवड्याचे दिवस सात. सातव्या दिवशी पाणी कुणाचं? तिने तेच लिहिलं. पहिल्याच परिच्छेदात ती विहीर आली, मग किती विहिरी आणि का तेवढ्याच, मग काय मोजणार, कशाने मोजणार, महिन्याला किती किलोमीटर, लिटरला किती पेट्रोल. मुलाखतीत समितीतल्या एका बाईंनी बाकी काही विचारलं नाही, फक्त विचारलं, “मग सातव्या दिवशी पाणी कुणाचं?” ती म्हणाली, “तेच शोधायचंय, मॅडम.”

पैसा मिळाल्यावरचा हिशेब हाही एक अभ्यासच आहे, आणि तो कुणी शिकवत नाही. वीसेक वर्षांपूर्वी मला एक लहान अनुदान मिळालं होतं. काम झालं, अहवाल गेला, शेवटचा हप्ता अडकला. उपयोगिता प्रमाणपत्रात खर्चाची बेरीज आणि बँकेच्या पुस्तकातली शिल्लक जुळत नव्हती. फरक होता ३१२ रुपयांचा. अनुदान मी माझ्या नेहमीच्या खात्यात ठेवलं होतं. त्यावर बँकेने व्याज दिलं, आणि ते व्याज देणाऱ्या संस्थेचं असतं, परत करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ३१२ रुपयांचा डिमांड ड्राफ्ट, सनदी लेखापालाचा नवा दाखला आणि चार पत्रं एवढं झाल्यावर चौदा महिन्यांनी हप्ता पडला. तेव्हापासून जो कुणी विचारायला येतो त्याला पहिली गोष्ट सांगतो ती ही : पैसे यायच्या आधी वेगळं बचत खातं उघड. दुसरी गोष्ट : प्रत्येक पावती त्याच दिवशी वहीत चिकटव, कारण पेट्रोलपंपाच्या पावतीची शाई दोन महिन्यांत उडते, आधी तिची झेरॉक्स काढ. माझ्या विद्यार्थिनीच्या सॅकमध्ये विहिरींच्या वहीबरोबर दुसरी एक वही असते. तिच्यात एका बाजूला मूळ पावती, शेजारी झेरॉक्स.

शिष्यवृत्तीचा विचार मात्र पीएच.डी.ला सुरू करून चालत नाही. तो आठवीत सुरू व्हायला हवा. केंद्राची ‘एनएमएमएस’ परीक्षा आठवीत असते. तिच्यातून निवड झालेल्या कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. टाकळी ढोकेश्वरला जवाहर नवोदय विद्यालय आहे. तिथे सहावीला प्रवेश मिळाला तर बारावीपर्यंत शिक्षणाची चिंता नाही. महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ आहे. राज्यातल्या विद्यापीठांमध्ये २००६ पासून ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा होते आणि तिच्यात बी.ए., बी.एस्सी.ची मुलंही उतरतात. सुपे एमआयडीसीतल्या कारखान्यात बारा तास उभं राहून घरी आलेल्या भावाने बहिणीला ‘आविष्कार’चं पोस्टर छापायला दोन हजार रुपये दिल्याचं मी पाहिलं आहे. तिची पहिली फेलोशिप मी त्यालाच म्हणेन.

आणि मुंबईकर. पारनेर तालुक्यातल्या जवळपास प्रत्येक गावाचं एक गाव मुंबईत आहे. जत्रेला गाड्या भरून येतात, देवळाच्या कळसाला वर्गणी देतात, तीही हौसेने. यात्रेच्या बैठकीत मी दोन वर्षं एकच विनंती करतो आहे : कळसाच्या वर्गणीतून दरवर्षी गावातल्या एका संशोधकाच्या पेट्रोलची आणि झेरॉक्सची सोय करा. हप्ता पडला की तो परत करील, तोच पैसा पुढच्याला द्या. पहिल्या वर्षी लोक हसले. दुसऱ्या वर्षी एका माथाडी कामगाराने उभं राहून विचारलं, “सर, किती लागतील?” मी म्हटलं, वर्षाला तीस हजार. तो खाली बसला, शेजाऱ्याशी बोलला, आणि म्हणाला, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही असं नसतं.

राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यात. १९७५ मध्ये अण्णा हजारे गावी परतले, बांध-बंधारे झाले, आणि त्यानंतर देशभरातून अभ्यासक येत राहिले. निघोजच्या कुकडी नदीपात्रातले रांजणखळगे पाहायला भूशास्त्राची मुलं येतात. पारनेर हा अभ्यासला गेलेला तालुका आहे. पण अभ्यास करणारे बाहेरचे, प्रबंध इंग्रजीत, आणि प्रबंधाची प्रत गावात नाही. प्रश्नावली भरून घेतली, फोटो काढले, गाडी गेली. गावातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं, कोण कोण काय काय विचारून गेलं. उत्तराचं पुढे काय झालं ते त्यांना कळलेलं नाही. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आता प्रबंध वाचायला मिळतात खरे, पण पठारावरच्या शेतकऱ्याने ते कधी उघडावेत? म्हणून इथल्याच मुलीला इथलाच विषय घेऊन पाच वर्षं घालवता यावीत, यासाठी मी एवढा आग्रह धरतो. ती कुठे जाणार नाही. विहिरीचा मालक तिला चार तारखेला गाठू शकतो.

परवा त्या जुन्या विहिरीवर तेच झालं. आकडा वहीत लिहून ती निघाली, तसे म्हातारे मालक मोटरच्या खोलीच्या दाराशी उभे राहिले. “ताई, तुझ्या वहीत गेलं, आमाला काय?”

ती थांबली. सॅकमधून खडू काढला. पत्र्याच्या दारावर आतल्या बाजूने, जिथे पाऊस लागत नाही तिथे, आधीच्या महिन्यांचे आकडे एकाखाली एक लिहिलेले होते. कुठल्या महिन्यात किती हात पाणी, मीटरचे तिने हात करून दिलेले. सगळ्यात खाली तिने नवी ओळ लिहिली : कार्तिक, साडेअकरा हात. म्हाताऱ्यांनी मागच्या वर्षीच्या कार्तिकावर बोट ठेवलं, मग आजच्यावर. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग धाकट्या भावाला हाक मारली, “अरे, हरभऱ्याचं काय ठरलंय? इकडं ये, हे बघ.”